नाताळासाठी घर सजवताना : बेळगाव-खानापूर भागातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगावच्या कॅम्प भागातील जुने बंगले, खानापूर तालुक्यातील कौलारू घरे आणि टिळकवाडी-हिंदवाडीतील नव्या सदनिका यांत नाताळाची तयारी डिसेंबर उजाडताच सुरू होते. बाजारात चकचकीत माळा, चांदण्या, प्लास्टिकची झाडे आणि लुकलुकणारे दिवे यांचे ढीग लागतात, आणि दरवर्षी त्यांतील थोडी थोडी भर घरात पडत जाते. काही वर्षांनी अशी अवस्था येते की सजावट पुष्कळ असते, पण नजर कोठेच ठरत नाही. नाताळाच्या सजावटीला केंद्र एकच असावे, ते गव्हाणीच्या, म्हणजे गोठ्यातील ख्रिस्तजन्माच्या, देखाव्याचे असावे आणि बाकीच्या सर्व गोष्टींनी त्याला साथ द्यावी, असा या लेखाचा आग्रह आहे. दुसरा आग्रह साहित्याविषयीचा आहे. खण, इरकल, पितळ, बांबू, माती आणि भाताचे पिंजर (वाळलेला पेंढा) या आपल्याच भागातल्या वस्तूंनी घराला जी भारदस्त शोभा येते ती झगमगाटाने येत नाही, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

दिवसांची आखणी

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि तेथून नाताळापर्यंत चार रविवार हाती लागतात. सजावटीचे काम या चार आठवड्यांत वाटून घेतले, तर शेवटच्या दोन दिवसांची धावपळ टळते आणि घर टप्प्याटप्प्याने खुलत जाते. पहिल्या रविवारपर्यंत साफसफाई आणि आवराआवर पूर्ण करून त्या दिवशी फक्त चार मेणबत्त्यांचे वलय मांडावे. दुसऱ्या आठवड्यात चांदणी, दिव्यांची जोडणी आणि गोठ्याचा सांगाडा ही कामे घ्यावीत. १२ किंवा १३ डिसेंबरला गहू पेरावेत, त्याचे कारण पुढे येईल. खऱ्या झाडाची फांदी आणणार असाल तर १८ तारखेच्या आधी आणू नये, आणि ताजी फुले व पाने २३ तारखेलाच घ्यावीत. बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सावरून (चर्चमधील उपासनेवरून) परत आल्यानंतर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती पाळावी, कारण तोपर्यंत रिकामी दिसणारी गव्हाणी हीच आगमनकाळाची खरी खूण असते.

आधी काढणे, मग मांडणे

सजावटीची पहिली पायरी खरेदीची नसून घरातील वस्तू हलवण्याची आहे. सोप्यातील किंवा बैठकीच्या खोलीतील शोकेस, टीव्हीच्या वरचा फळ्यांचा भाग, टीपॉय आणि खिडक्यांचे कट्टे पूर्ण रिकामे करावेत. प्लास्टिकची फुले, लग्नात आलेली शोभेची घड्याळे, सहलींच्या आठवणी आणि जुनी दिनदर्शिका महिनाभरासाठी पेटीत जावीत. जेवढी जागा मोकळी होईल तेवढीच मांडलेली वस्तू उठून दिसते. यानंतर पडदे व उशांचे अभ्रे धुऊन घ्यावेत, आणि लाल कोब्याची किंवा शहाबादी फरशीची जमीन असेल तर ती घासून-पुसून चकाकीवर आणावी, कारण रात्रीच्या मंद उजेडात फरशीवर पडणारे दिव्यांचे प्रतिबिंब हा सजावटीचा मोठा भाग असतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

जागा निवडताना दारात उभे राहून पाहावे. चपला काढून आत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याची नजर सर्वप्रथम ज्या भिंतीवर जाते, ती गव्हाणीची जागा. ती जाण्यायेण्याच्या वाटेत नसावी, विजेचा बोर्ड हाताच्या अंतरावर असावा आणि समोर किमान दहा-पंधरा माणसे उभी राहू शकतील इतका मोकळा भाग राहावा, कारण चर्चमधील गायकमंडळी घरोघरी नाताळगीते गायला येतात तेव्हा सोफ्याच्या कडेने दाटीवाटीने उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. शेजारपाजारच्या घरांतली मुलेही गव्हाणी पाहायला हमखास येतात, म्हणून देखावा जमिनीपासून साधारण दोन ते अडीच फुटांवर असावा. तो मुलांच्या नजरेच्या रेषेत येतो आणि मोठ्यांनाही फार वाकावे लागत नाही.

रंग ठरवताना

लाल आणि हिरवा हे नाताळाचे रंग सर्वांनाच ठाऊक आहेत, पण चर्चच्या उपासनेत नाताळाचा रंग पांढरा व सोनेरी आहे, आणि घरासाठी ही जोडी अधिक उपयोगी पडते. घराचा पहिला रंग भिंती आणि जमीन यांनी आधीच ठरवलेला असतो; आपण त्याच्या सोबतीला फक्त दोन निवडायचे. लाल कोब्याची जमीन आणि सागवानी खांब असलेल्या घरात भडक लाल रंग आणखी घातला तर सगळेच तांबडे होऊन जाते. तेथे मोतिया पांढरा, गर्द हिरवा आणि पितळेचा पिवळेपणा खुलतो. पांढऱ्या टाइल्स आणि फिकट भिंती असलेल्या सदनिकेत मात्र तपकिरीकडे झुकणारा गडद लाल रंग हवाच, नाहीतर खोली थंड आणि कोरडी वाटते.

येथे खणाचा उपयोग करून घ्यावा. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण बेळगावच्या कापडबाजारात सहज मिळतो, आणि त्याचे गडद लाल व गर्द हिरवे रंग, बारीक नक्षी आणि काठांचा ठसका यांमुळे तो नाताळासाठीच विणला असावा असे वाटते. त्याचा पन्हा लहान असल्यामुळे टेबलावर घालायच्या लांब पट्टीसाठी, उशांच्या अभ्र्यांसाठी आणि झाडावर बांधायच्या फितींसाठी कापड वाया जात नाही. एका खोलीत खण जास्तीत जास्त तीन ठिकाणी दिसावा. आजीच्या पेटीत जीर्ण झालेली इरकल साडी असेल तर तिचा लाल-पांढऱ्या विणीचा पदर वेगळा काढून गव्हाणीच्या चौरंगावर किंवा चौकट करून भिंतीवर लावता येतो. चांगल्या स्थितीतील साडी मात्र कापू नये, तिला घडी घालूनच पसरावे. शहापूर-वडगाव भागात विणकामाची परंपरा आहे, तेव्हा साधे पांढरे सुती कापड हवे असेल तर तिकडे विचारावे.

गव्हाणी

१२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गवत, बैल आणि गाढव यांच्यासह ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, आणि त्यातून गव्हाणी मांडण्याची प्रथा जगभर पसरली. त्या देखाव्याचे सामर्थ्य साधेपणात होते. आपल्याकडे गव्हाणीत कारंजी, फिरणारी चक्रे, कापसाचा बर्फ आणि रंगीत चमक यांची भर पडत जाते, तेव्हा मूळ प्रसंग मागे पडतो. एक गोठा, काही जनावरे, दमलेले आईबाप आणि एक अर्भक एवढाच ऐवज असलेला हा देखावा खानापूर-चंदगड पट्ट्यातील कोणत्याही गोठ्याशी नाते सांगू शकतो, म्हणून तो आपल्याच मातीत उभा करावा.

पाया म्हणून तीन फूट लांब व दोन फूट रुंद प्लायवूडची फळी पुरेशी होते. ती भक्कम टेबलावर ठेवून टेबलाचे पाय दिसणार नाहीत असे पांढरे किंवा गडद हिरवे कापड जमिनीपर्यंत सोडावे. मागच्या भिंतीवर गडद निळे किंवा काळे सुती कापड ताणून लावावे. चकाकणारे सॅटिन टाळावे, कारण ते दिव्याचा उजेड परत फेकते आणि मूर्ती काळवंडलेल्या दिसतात.

गोठ्याची उंची मूर्तींवरून ठरते. उभ्या योसेफाची, म्हणजे मरियेच्या पतीची, मूर्ती जितकी उंच असेल, त्याच्या पावणेदोन ते दोन पट गोठ्याचा आढा असावा. मूर्ती २० सेंमीची असेल तर ३५ ते ४० सेंमीचा गोठा शोभतो. बांबूच्या चार खुंट्या फळीला खालून खिळ्याने बसवाव्यात, वर आडव्या कामट्या सुतळीने बांधाव्यात आणि छपरावर भाताचे पिंजर एकावर एक थर देत शाकारावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खानापूर भागातील भातकापणी आणि मळणी उरकलेली किंवा उरकत आलेली असते, त्यामुळे सोनेरी, ताजे पिंजर मागितले तर सहज मिळते. ते वापरण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात पसरून झटकावे, म्हणजे किडे व धूळ घरात येत नाही. गोठा तीन बाजूंनी पूर्ण बंद न करता मागच्या एका कोपऱ्यात फट ठेवावी. तेथून आत सोडलेल्या दिव्याचा उजेड फार सुंदर पडतो.

जमिनीसाठी नदीची चाळलेली वाळू आणि जांभ्या दगडाचे लहान तुकडे वापरावेत. जंगलातील शेवाळ खरवडून आणण्याची सवय सोडून द्यावी. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे आणि पश्चिम घाटातील ओलाव्यावर जगणारे हे शेवाळ पुन्हा वाढायला फार काळ घेते. शिवाय डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते घरात दोन दिवसांत तपकिरी पडते. त्याऐवजी गव्हाचे कोंब उगवावेत. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याची रीत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, तीच येथे उपयोगी पडते. मूठभर गहू आठ-दहा तास भिजवून, मातीच्या पसरट परळांत दोन-तीन सेंमी मातीवर दाट पेरावेत, कोंब फुटेपर्यंत ओले फडके घालावे आणि नंतर रोज पाण्याचा हलका शिपका द्यावा. बेळगावात डिसेंबरच्या रात्री थंड असतात, त्यामुळे वाढ थोडी संथ होते. दहा-बारा दिवस धरूनच पेरणीची तारीख ठरवावी. सावलीत वाढलेले कोंब पिवळट राहतात, म्हणून शेवटचे चार दिवस परळ सकाळच्या उन्हात ठेवावेत आणि मांडण्यापूर्वी कात्रीने पाच-सहा सेंमी उंचीवर सारखे कापावेत. परळाची कड वाळूने झाकली की शिवार उभे राहते.

मूर्ती मांडताना मोठ्या पुढे आणि लहान मागे ठेवल्या तर थोड्या जागेत खोली दिसते. मरिया आणि योसेफ गव्हाणीकडे वळलेले असावेत, पाहुण्यांकडे नव्हे. मेंढपाळ एका बाजूला दोन-दोनच्या गटात ठेवावेत आणि त्यांच्यात अंतर राखावे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांना पहिल्या दिवसापासून गोठ्यात उभे करण्याची घाई करू नये. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून रोज थोडे थोडे पुढे सरकवावे. त्यांच्या येण्याचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, सण परंपरेने ६ जानेवारीचा, आणि आपल्याकडील बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये तो त्याच्या जवळच्या रविवारी साजरा होतो. तोपर्यंत ते पोहोचले पाहिजेत. घरातील मुलांना हे काम सोपवले की नाताळ एका रात्रीत संपत नाही.

मूर्तींचा संच नवा घ्यायचा असेल तर चमकदार रंगांच्या फायबरच्या मूर्तींपेक्षा मातीच्या, मंद रंगांच्या मूर्ती निवडाव्यात. गणेशमूर्ती घडवणारे कारागीर गणेशोत्सवानंतर मोकळे असतात. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे मागणी नोंदवली तर गाय, बैल, शेळ्या आणि मेंढपाळ आपल्या ओळखीच्या चेहऱ्यामोहऱ्याचे, घोंगडी पांघरलेले करून मिळू शकतात. खानापूरला कुंभारकामाची जुनी ओळख आहे आणि तेथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही आहे. पाण्याची लहान भांडी, पणत्या आणि परळ यांसाठी त्या भागातील माती-काम पाहावे.

चांदणी

दारावरची चांदणी घरी करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना ती मुळीच अवघड नाही, आणि बाजारातील छापील कागदी चांदणीपेक्षा पांढऱ्या सुती कापडाची घरगुती चांदणी कितीतरी अधिक देखणी दिसते.

बुरुडाकडून ६० सेंमी लांबीच्या, एकसारख्या जाडीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करावी. पाच कामट्या एकमेकींवरून ओलांडत पाच टोकांचा तारा होईल अशा मांडल्या की कामट्या बरोबर या खुणांवर एकमेकींना छेदतात. खुणा जुळत नसतील तर तारा वाकडा झाला आहे असे समजून पुन्हा मांडावा. पाचही टोके आणि पाचही छेद मेणदोऱ्याने घट्ट बांधावेत. असाच दुसरा तारा करावा. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त टोके एकत्र बांधावीत आणि आतल्या पाच छेदांमध्ये १२ सेंमी लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवाव्यात. त्यासरशी चांदणी दोन्ही बाजूंनी फुगते. जुने धुतलेले पांढरे धोतर किंवा मलमल पातळ खळीत बुडवून, ओले असतानाच सांगाड्यावर ताणून चिकटवावे; वाळल्यावर ते ढोलासारखे ताठ बसते. मागच्या बाजूची एक पाकळी उघडीच ठेवावी, म्हणजे दिवा बदलता येतो. कडांना खणाची अर्ध्या इंचाची पट्टी लावली की काम पूर्ण झाले.

आत ५ ते ७ वॉटचा पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा पुरतो. जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा बल्ब कधीही लावू नये. त्याची उष्णता कापड व कागद करपवते. चांदणी दारातून जाणाऱ्याच्या डोक्याला लागू नये म्हणून तिचे खालचे टोक जमिनीपासून किमान सात फुटांवर असावे, आणि मोकळ्या अंगणात किंवा गच्चीवर लावायची असल्यास वरच्या दोरीखेरीज खालच्या टोकांना दोन दोऱ्या बांधून ती खांबांना जखडावी. बेळगावच्या पठारावरील वारा एकाच दोरीवर लटकणाऱ्या चांदणीला रात्रभर फिरवत ठेवतो आणि वायरला पीळ पडतो.

झाड

नाताळाचे झाड युरोपातून आले. इंग्लंडमध्ये त्याचा मोठा प्रसार १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यानंतर झाला, आणि बेळगावच्या छावणीतही ते इंग्रजांबरोबरच पोहोचले असावे. आपल्याकडे फरची झाडे नाहीत आणि त्याची खंत बाळगण्याचेही कारण नाही. सुरूची फांदी, कुंडीत वाढवलेले अरोकेरिया (फरसारखे दिसणारे शोभेचे झाड) किंवा चांगल्या प्रतीचे कृत्रिम झाड, असे तीन मार्ग आहेत. माझी पसंती कुंडीतील अरोकेरियाला आहे, कारण ते वर्षभर अंगणात राहते, डिसेंबरात आत येते आणि दरवर्षी थोडे उंच होते. त्याच्या फांद्या नाजूक असल्याने त्यावर जड दागिने टांगू नयेत. सुरूची फांदी स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतातूनच घ्यावी; आणल्यावर बुंधा दोन सेंमी तिरका कापून लगेच पाण्यात उभा करावा आणि रोज पाणी भरावे, म्हणजे आठवडाभर ती तजेलदार राहते. कृत्रिम झाडाची प्रत्येक उपफांदी हाताने उलगडून पसरवावी लागते. हे काम घाईने उरकल्यामुळेच बहुतेक झाडे खराट्यासारखी वाटतात.

झाडाचे टोक आणि छत यांत किमान एक फूट अंतर राहावे. बुंध्याशी लाल कापूस किंवा चमकीचा कागद गुंडाळण्यापेक्षा कुंडी पितळी घंगाळात किंवा तांब्याच्या हंड्यात बसवावी आणि फटीत पिंजर भरावे. माळ्यावर पडून असलेल्या या भांड्यांना चिंच-मिठाने घासले की त्यांच्याइतके श्रीमंत दिसणारे दुसरे काही नाही.

सजवताना क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी दिवे, तेही बुंध्यापासून बाहेर आणि खालून वर गुंडाळावेत, म्हणजे उजेड झाडाच्या आतून येतो. मग मोठे दागिने बुंध्याजवळ आणि छोटे टोकांकडे. शेवटी फिती. दागिन्यांत गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि फळे अवश्य असावीत. त्यांच्या जोडीला वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या कराव्यात. पाच-सहा मिमी जाडीच्या चकत्या फडक्याने टिपून, जाळीवर मांडून, वरून मलमल झाकून कोरड्या उन्हात चार-पाच दिवस ठेवल्या की काचेसारख्या पारदर्शक होतात. ओव्हन असल्यास १०० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास मध्येमध्ये उलटत वाळवता येतात. दालचिनीच्या कांड्यांची सुतळीने बांधलेली जुडी, पांढऱ्या दोऱ्याचे क्रोशाचे तारे आणि खणाच्या फिती एवढे पुरे. चकाकत्या झिरमिळ्यांच्या माळा मी सुचवणार नाही. एवढी मेहनत त्या एका क्षणात झाकून टाकतात.

पानांची वलये

आगमनकाळातील चार मेणबत्त्यांचे वलय १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विशेर्न या पाळकाने अनाथ मुलांसाठी सुरू केले, असे मानले जाते. आज त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लावली जाते. हे वलय टेबलावर आडवे ठेवायचे असते. परडीच्या तळासारखे बांबूचे कडे घेऊन त्याला सुरूच्या व निलगिरीच्या डहाळ्या तारेने बांधाव्यात, पण मेणबत्त्या पानांत खोचू नयेत. प्रत्येक मेणबत्ती मातीच्या पणतीत किंवा छोट्या परळात उभी करावी आणि ज्योत व पान यांत चार बोटांचे अंतर ठेवावे. सुरू वाळला की झटकन पेट घेतो; म्हणून दर रविवारी पाने बदलावीत आणि खोलीत कोणी नसताना मेणबत्ती जळत ठेवू नये.

दारावरच्या वलयासाठी सिल्व्हर ओकची पाने घ्यावीत. या पानाची खालची बाजू चंदेरी असते आणि वाळल्यावरही तिची शोभा जात नाही. उलट-सुलट बांधलेली ही पाने आणि खणाची एक फीत, एवढ्यावर वलय पूर्ण होते. आंब्याच्या पानांचे तोरणही चालेल, मात्र ते २४ तारखेलाच बांधावे, कारण चार दिवसांत ते मुरडते.

उजेड

इतके सारे करून खोलीत पांढरी ट्यूबलाइट जळत राहिली, तर सगळी मेहनत वाया जाते. संध्याकाळी ती बंदच ठेवावी. दिवे विकत घेताना खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन हा आकडा किंवा ‘वॉर्म व्हाइट’ हे शब्द पाहावेत आणि घरातील सर्व माळा त्याच छटेच्या घ्याव्यात. एक माळ पिवळसर आणि दुसरी निळसर पांढरी असली की खोली दुभंगलेली वाटते. लुकलुक करणारे बटण कायमचे स्थिर उजेडावर ठेवावे.

गोठ्यात एकच छोटा दिवा छपराच्या आत, समोरून दिसणार नाही असा लपवावा आणि त्याचा झोत गव्हाणीवर यावा. झाडाचा उजेड त्याहून थोडा मंद असावा. कोपऱ्यातील स्टँडचा दिवा किंवा समई तिसरा उजेड देते. खोलीत असे तीन-चार ठिकाणचे मंद उजेड असले की छताचा दिवा आठवतही नाही.

विजेच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा. एलईडीच्या माळा फार थोडी वीज घेतात, त्यामुळे ६ अँपिअरच्या प्लगवर भार सहसा येत नाही. धोका असतो तो सोललेल्या, टेप गुंडाळून जोडलेल्या आणि दाराच्या फटीत चिरडल्या जाणाऱ्या वायरींचा. मागच्या वर्षीच्या माळा लावण्याआधी हाताने पूर्ण तपासाव्यात, जोड सापडला तर ती माळ टाकून द्यावी, अंगणातील जोडणी पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी आणि झोपताना सर्व माळा बंद कराव्यात. वीज गेल्यास उपयोगी पडावी म्हणून गोठ्यातील दिवा बॅटरीवर चालणारा घेणे सोयीचे ठरते.

जेवणाचे टेबल

पांढरे सुती टेबलक्लॉथ, मधोमध खणाची लांब पट्टी आणि तिच्यावर तीन-चार बुटक्या पितळी वाट्यांत पांढरी शेवंती व निशिगंध, एवढी मांडणी पुरते. फुलांची उंची एक वीत असावी, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे झाकले जात नाहीत. उग्र वासाच्या अगरबत्त्या जेवणाच्या खोलीत नकोत. धारवाडी कशिदा काढलेले हातरुमाल घरात असतील तर ते वर्षभर कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. या दिवशी बाहेर काढावेत.

गोव्याशी नाते असलेल्या घरांत कुस्वाराच्या, म्हणजे नाताळाच्या फराळाच्या, ताटात नेवऱ्या, दोदोल आणि कलकल असतात. त्यांच्या शेजारी बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट मांडला की ताट आपल्या गावाचे होते. केक उंच पायाच्या थाळीवर, बाकीचे पदार्थ बांबूच्या परड्यांत केळीच्या पानावर ठेवावेत. पितळी भांड्यांत खाद्यपदार्थ ठेवायचे असतील तर कल्हई ताजी असल्याची खात्री करावी.

पॉइन्सेटियाच्या लाल पानांच्या कुंड्या डिसेंबरात रोपवाटिकांत मिळतात. त्या टेबलावर न ठेवता दाराच्या दोन्ही बाजूंना किंवा जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवाव्यात. त्यांचा पांढरा चीक त्वचेला त्रास देतो, म्हणून लहान मुले आणि मांजरे यांच्यापासून त्या दूर असाव्यात. या रोपाला लालसर रंग धरण्यासाठी लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. पुढच्या वर्षासाठी रोप जपणार असाल तर ऑक्टोबरपासून ते रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात येणार नाही अशा जागी हलवावे.

लहान सदनिकेत झाड, मोठा गोठा आणि टेबल हे तिन्ही मावत नाहीत. तेथे झाड वगळावे, गोठा नाही. एका भिंतीतील कोनाडा किंवा शोकेसचा एक मोकळा कप्पा, त्यात वीतभर उंचीची गव्हाणी, दारावर चांदणी आणि खिडकीत एक कुंडी, एवढ्याने घर नाताळाचे होते. शयनगृहांत आणि स्वयंपाकघरात वेगळी सजावट करण्याची गरज नाही.

आवरून ठेवताना

ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सजावट उतरवावी. गव्हाचे कोंब आणि पिंजर गोठ्यातील जनावरांना द्यावे. मूर्ती एकेक करून जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात. वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून त्यावर ती माळ कोठे लावली होती हे लिहून ठेवावे. खण व इरकल मलमलीत, कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांसह ठेवावे. संत्र्याच्या चकत्या मात्र टाकून द्याव्यात, त्यांना पावसाळ्यात बुरशी येतेच. खानापूर-बेळगाव भागातील पावसाची ओल माळ्यावरच्या पेट्यांत शिरते, म्हणून तारा व हूक यांना तेलाचे बोट लावावे, आणि पाऊस सरल्यावर दसऱ्यानंतरच्या पहिल्या कडक उन्हात पेट्या एकदा उघडून सर्व सामान वाळवावे. तुटलेली मूर्ती किंवा उसवलेली चांदणी त्याच वेळी दिसते आणि दुरुस्तीला दोन महिने हातात राहतात.